पियानोखाली फक्त विशीच्या आतले

पियानोखालून बुटांचा एक जोड बाहेर आलेला होता, आणि तो विशीच्या आतला नव्हता.

एवढं ओळखायचा तिला सराव होता. विशीच्या आतल्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या असतात, टाचा घासलेल्या असतात आणि मुख्य म्हणजे ते एका जागी राहत नाहीत. हे बूट काळे होते, पॉलिश केलेले होते आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभं केल्यासारखे एकमेकांना चिकटून होते. तिचा पियानोचा कार्यक्रम संपला होता. बाकीची मुलं भुरभुर पावसात भिजायला केव्हाच पळाली होती.

“बाहेर या,” ती वाकून म्हणाली.

“आलो असतो,” आतून आवाज आला, “पण माझा कोट अडकलाय. पिवळं, चकचकीत काहीतरी आहे.”

“ते पेडल आहे. कोट ओढा, पेडल ओढू नका.”

थोडी खुडबुड झाली. मग एक डोकं पियानोच्या पोटावर आपटलं आणि पियानोने एक खोल, गंभीर सूर दिला. त्यामागोमाग एक माणूस बाहेर आला. वय पस्तिशीच्या आसपास, केसांत जळमटं, चेहऱ्यावर मात्र नुकतंच बक्षीस मिळाल्यासारखा आनंद.

“तुमचं वय काय?” तिने विचारलं.

“पहिल्याच भेटीत?”

“खाली झोपून ऐकायची परवानगी फक्त विशीच्या आतल्यांना आहे. दारावर पाटी लावलीय.”

“वाचली. पण मनाने की शरीराने, ते लिहिलेलं नाही.”

ती काहीतरी झणझणीत बोलणार होती, तेवढ्यात तो खोकला. लागोपाठ दोनदा—दुसरा पहिल्यापेक्षा जरा चढा. आणि तिच्या हातातली स्वरलिपीची पानं खाली आली.

हा खोकला तिच्या ओळखीचा होता! गेले कित्येक शनिवार ती मुलांना एखाद्या रचनेच्या सगळ्यात हळुवार जागेपर्यंत अलगद घेऊन जायची. सभागृह श्वास रोखून बसायचं… आणि मागच्या रांगेतून हाच खोकला यायचा. सुरात. वेळेवर. पाहुण्या वादकासारखा.

“तो तुम्ही!”

“तो मी,” त्याने मान खाली घातली. “शांतता झाली की मला खोकला येतो. म्हणून तर खाली गेलो. खाली शांतता नसतेच. तुम्ही अगदी हळू वाजवता तेव्हाही तिथे आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. आज मी एकदाही खोकलो नाही… लक्षात आलं का?”

लक्षात आलं होतं. त्या जागेला तिची बोटं क्षणभर घुटमळलीही होती. पण ते याला सांगायचं काही कारण नव्हतं.

“डॉक्टरांना दाखवा,” ती म्हणाली.

“दाखवतो की. रोज सकाळी, दाढी करताना. मी घशाचाच डॉक्टर आहे.”

तिने हसू दाबलं. ते काही पूर्ण दाबलं गेलं नाही.

“मामा!” दारातून एक भिजलेली मुलगी किंचाळली. ही तिची विद्यार्थिनी. नववीत होती आणि घरात, वर्गात, रस्त्यावर सगळीकडे तिचाच हुकूम चालायचा. “तुला गाडीत बस म्हटलं होतं ना? बाई, सॉरी हं. याला कुठे न्यायची सोय नाही.”

मामा भाचीमागे निमूट निघाला. दारापाशी त्याने वळून पाहिलं, पाटीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही कान पकडले. डॉक्टरने असं वागावं का, हा प्रश्न तिला संध्याकाळभर पडला. उत्तर शोधायची तिला फारशी घाई नव्हती.

आता, मुलं पियानोखाली का झोपायची, हेही सांगायला हवं.

ती घरी पियानो शिकवायची. तिचे विद्यार्थी परीक्षेपुरते स्वर घोटायचे, पास व्हायचे आणि पियानोला गणिताच्या शेजारी ठेवून द्यायचे. एकाही कार्ट्याने एक अख्खी रचना बसून ऐकलेली नव्हती. म्हणून तिने शनिवारी दुपारी सभागृहात कार्यक्रम सुरू केले. भाषण नाही, हारतुरे नाहीत. ती नुसती सांगायची, “हे ज्याने रचलं ना, त्याचं तेव्हा लग्न मोडलं होतं, घरमालक दार ठोठावत होता आणि त्याला सर्दी झाली होती. आता ऐका, आणि सर्दी कुठे आहे ते शोधा.” मुलं जिवाचे कान करून सर्दी शोधायची. आवडलं की वाटेल तिथे टाळ्या वाजवायची. आणि पाळीपाळीने चार-पाच जण मोठ्या पियानोखाली उताणे पडायचे, कारण तिथे संगीत कानांनी ऐकावं लागत नाही. फरशीतून ते आपणहून पाठीत शिरतं. मुलं मित्रांना आणू लागली. मित्र मैत्रिणींना आणू लागले. मग तर काय, कोणाला बोलवावं लागेना.

चांगलं चाललेल्या कामाकडे समितीचं लक्ष जातंच. सभागृहाच्या अध्यक्षांनी उमेदीची सगळी वर्षं सिमेंट विकलं होतं आणि आता ते अभिजात संगीताचं रक्षण करत होते. ते डोळे मिटून ऐकत. लांबून बघणारे याला तल्लीनता म्हणत. शेजारी बसणाऱ्यांना श्वासाचा आवाज येत असल्यामुळे ते काही म्हणत नसत.

“बाई, पियानोखालून पाय दिसतात,” अध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं.

“ऐकताहेत, साहेब.”

“पायांनी?”

“पाठीने. लाकडाची फरशी थरथरते ना, त्यामुळे—”

“मधेच टाळ्या वाजतात. एक गृहस्थ तर ठरवून खोकतात. हे संगीत ऐकायची एक शिस्त असते, बाई. दोन आठवड्यांनंतरच्या कार्यक्रमाला समिती पहिल्या रांगेत बसेल. सगळी मुलं खुर्च्यांवर. रचना चालू असताना एक जरी आवाज झाला, तर शनिवार सोफेवाल्यांना देऊ. त्यांना विक्रीसाठी हॉल हवाच आहे.” अध्यक्षांनी उसासा सोडला. “सोफे आवाज करत नाहीत.”

ती पायऱ्या उतरून सरळ घरी आली. घरचा पियानो उभा, भिंतीला टेकलेला. त्याच्याखाली मांजरसुद्धा झोपू शकत नव्हतं. हा हॉल गेला की कार्यक्रम गेले, आणि नाड्या सुटलेले ते सगळे बूट पुन्हा गणिताकडे.

मुलांची तिला भीती नव्हती. तिने सांगितलं असतं, तर मुलं पुतळ्यासारखी बसली असती. भीती होती ती एकाच घशाची.

ती त्याच्या दवाखान्यात गेली. नुसतंच ‘येऊ नका’ सांगायला जाणं बरं दिसेना, म्हणून घसा बसल्याचं निमित्त केलं. सुदैवाने बोलून बोलून तो खरंच बसला होता.

“आ करा,” तो म्हणाला. कपाळावर दिवा, हातात जीभ दाबायची पट्टी. “मोठा. अजून मोठा… छान. मला एक सांगा, वाजवायच्या आधी तुम्ही डोळे का मिटता?”

“आँ—”

“असं होय. आणि घरी कोण कोण असतं?”

“आँ आँ.”

“आई. बरं. आणि आईशिवाय… म्हणजे असं खास कोणी?”

तिने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली. “हे सगळं घशात दिसतं?”

“नाही. पण तुम्ही मला उलटून बोलू शकत नाही, असा एवढाच वेळ मिळतो.”

तिला हसू आलं, आणि हसतानाच आठवलं की आपण कशाला आलो आहोत. मग तिने सगळं सांगितलं. समिती, पहिली रांग, सोफे. त्याने कपाळावरचा दिवा विझवला आणि चेहराही थोडा विझल्यासारखा झाला.

“म्हणजे मी येऊ नये.”

“त्या एका दिवशी. प्लीज.”

“बरोबर आहे तुमचं. मुलांसाठी ते महत्त्वाचं आहे.” त्याने औषध लिहून दिलं—कोमट पाणी, गुळण्या, कमी बोलणं. ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून म्हणाला, “मी बाहेर गाडीत बसेन. काच खाली करून. तिथून थोडं थोडं येतं ऐकायला… पाऊस नसला तर.”

रागावला असता तर सोपं झालं असतं. ती छत्री न उघडताच निम्मा रस्ता चालली.

मधल्या शनिवारीही तो आला नाही. ती वाजवत त्या हळुवार जागेपाशी पोहोचली. सगळं चिडीचूप. एक कागद हलला नाही. इतक्या वर्षांत इतकी निर्दोष शांतता तिला कधी मिळाली नव्हती, आणि तिला ती एखाद्या रिकाम्या घरासारखी वाटली.

“वाजवताना कुठे अडकलीस?” घरी आल्यावर आईने विचारलं. आई पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्यायची तिला जन्माची सवय. कार्यक्रमात लेकीच्या डावीकडे बसून स्वरलिपीची पानं उलटायचं कामही तीच करायची. रचना पाठ असली तरी समोर कागद नसला की लेकीची बोटं भांबावायची.

“नाही अडकले.”

“त्या सावकाश जागेला. कोणाची तरी वाट बघितल्यासारखी.”

“कोणाची नाही गं. सवय झालीय, तिथे एक… खोकला यायचा.”

आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “खोकल्याची वाट बघतेयस?”

“आई!”

“बरं बाई, नाही विचारत. पण पुढच्या वेळी पानं उलटायला दुसरं कोणी बघ. मला ते टिपके दिसत नाहीत आता.”

“दुपारपर्यंत तर दिसत होते.”

“संध्याकाळपासून नाही दिसत. ती नववीतली बोलली मला, तिचा मामा तो. तुझ्या त्या डॉक्टरांना विचार की—शस्त्रक्रिया करताना कधी खोकलेत का? हाताला काम असलं की माणसाचा घसा गप्प बसतो.”

तिने फोन करून विचारलं. पलीकडून आश्चर्याने भरलेला आवाज आला, “अहो… नाही! एकदाही नाही!”

तालमी घरी सुरू झाल्या. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. त्याच्या मते ती तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखी दिसायची. तिने शिकवलं—डावीकडे बसायचं, खुर्ची न वाजवता उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरायचा, हात माझ्या डोळ्यांसमोर आणायचा नाही. “मी मान हलवली की उलटा.”

पण वाजवताना ती सारखीच मान हलवायची. त्याने पहिल्याच तालमीत सगळी रचना भराभर उलटून संपवली.

“मग खूण बदलू,” ती म्हणाली. “मी वाजवताना फक्त कागदाकडे बघते. तुमच्याकडे पाहिलं, की उलटा.”

“म्हणजे मी पूर्ण वेळ तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं?”

“हो.”

“डोळे न हलवता?”

“हो. म्हणजे… कामापुरतं.”

“कामच आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “मी काम फार मनापासून करतो.”

आणि खरंच, तो खोकला नाही. ती वाजवायची, तो बघायचा. पान संपत आलं की तिची नजर वळायची. तिथे त्याचे डोळे आधीच येऊन थांबलेले असायचे. मग एक पान सुळकन पलटायचं आणि त्याच्या बाहीची झुळूक तिच्या गालाला लागून जायची. पियानो शिकवायला लागल्यापासून तिला पहिल्यांदा वाटलं, या रचनांना पानं फार कमी आहेत.

एकदा त्याने भलत्याच जागी पान उलटलं.

“अहो! अजून दोन ओळी होत्या.”

“तुम्ही पाहिलंत माझ्याकडे.”

“मी घड्याळ बघत होते.”

“घड्याळ तुमच्या उजवीकडे आहे.”

स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं. आईच्या हातून सहसा काही पडत नसे.

आणि तो शनिवार उजाडला. बाहेर पावसाची रिमझिम, आत पहिल्या रांगेत समिती—सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षा घ्यायला बसल्याचा भाव. मागे मुलं. नाड्या बांधलेल्या, केस विंचरलेले, कोणी कोणाला कोपर मारत नव्हतं. भाची तिसऱ्या रांगेत बसून मामाकडे एकटक बघत होती—त्याने नुसता श्वास घेतला तरी तिथूनच ओरडायच्या तयारीत.

“हे रचणारा माणूस,” ती मुलांना म्हणाली, “एका मुलीला काहीतरी सांगणार होता. महिनोन्‌महिने. त्याला जमलं नाही, म्हणून त्याने हे लिहिलं. तो सांगायला निघतो आणि गप्प बसतो, ती जागा शोधा.”

ती बसली. डावीकडे तो बसला. खुर्ची वाजली नाही.

सुरुवात छान झाली. तिने पाहिलं, पान उलटलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा उलटलं. अध्यक्षांचे डोळे मिटले, मान छातीवर आली. सूर हळू होत गेले, आणखी हळू… ती जागा आली. खोकल्याची जागा. सभागृहात फक्त खिडकीवरचा पाऊस. त्याच्या हाताला आता काही काम नव्हतं, अर्धं पान शिल्लक होतं. त्याला जमेल ना? घसा आवळून येत असेल का? नाहीतर त्याला…

तिने त्याच्याकडे पाहिलं.

तो खोकण्याच्या बेतात नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता, असा, की जगात दुसरं बघण्यासारखं काही तयारच झालेलं नाही. तिची नजर तिथेच राहिली. जेवढी राहायला हवी त्यापेक्षा बरीच जास्त.

आणि त्याने, मनापासून काम करणाऱ्या माणसासारखं, पान उलटलं.

तिने कागदाकडे वळून पाहिलं तर समोर भलत्याच चिमण्या. बोटं थांबली. सूर थांबले. थेट मध्यावर, एका वाक्याच्या पोटात, सगळं थांबलं. झालं, संपलं. सोफे आले.

त्या शांततेने अध्यक्षांची झोपमोड झाली. त्यांनी दचकून डोळे उघडले, पियानो गप्प पाहिला, रचना संपल्याचं अनुभवाने ताडलं आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या.

एकट्याने.

मागच्या सगळ्या खुर्च्यांतली सगळी तोंडं अध्यक्षांकडे वळली. कोणी हसलं नाही. कोणी कुजबुजलं नाही. फक्त तिसऱ्या रांगेतल्या भाचीने ओठांवर बोट ठेवलं आणि ज्या हळुवारपणे आजारी माणसाला समजावतात, त्या हळुवारपणे अध्यक्षांना म्हणाली, “श्श्… आजोबा, तो अजून तिला सांगतोय.”

अध्यक्षांचे हात हवेतच राहिले. मग ते सावकाश मांडीवर उतरले.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला—डोळ्यांसमोर न येता, शिकवलं होतं तसा—आणि त्याने पान अलगद मागे घेतलं. तिने तिथूनच उचललं. पुढचे सूर तिने कसे वाजवले ते तिला नंतरही आठवेना. एवढंच आठवलं, की सगळ्यात शेवटचा सूर विरून गेल्यावर मुलं आणखी क्षणभर गप्प होती, आणि मग छत फाटेल अशा टाळ्या पडल्या.

अध्यक्ष रंगमंचापाशी आले. समिती चार पावलं मागे उभी होती आणि छताकडे बघत होती.

“ती मधली स्तब्धता,” अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, “फार धीट होती. मला राहवलं नाही. मी मुद्दाम दाद दिली.”

“कळलं ते, साहेब.”

“मुलं… शिस्तीची आहेत. शनिवार तुमचेच.” ते निघाले, मग थबकून हळूच म्हणाले, “आणि ते खाली झोपायचं… पाठीला खरंच बरं वाटतं का हो?”

सभागृह रिकामं होऊ लागलं. तो पानं गोळा करत होता; ती नीटच होती तरी पुन्हा पुन्हा सारखी करत होता.

“चूक झाली,” तो म्हणाला. “मी लवकर उलटलं.”

“नाही. मी पाहिलं होतं.”

“अजून अर्धं पान होतं.”

“माहीत आहे.”

“मग…?”

पाऊस जरा ओसरला होता. एवढी शांतता, की आता हा नक्की खोकणार… ती वाट बघत राहिली. तो खोकला नाही.

“घड्याळ बघत होते,” ती म्हणाली.

“इथलंही घड्याळ उजवीकडेच आहे.”

“मग तुम्हीच काय ते सांगा. डॉक्टर आहात ना?”

“मला घशापर्यंतचंच कळतं. हे त्याच्या जरासं खाली आहे.” त्याने पानं ठेवून दिली. “माझं मात्र मला कळलंय. दवाखान्यात तुम्ही ‘येऊ नका’ म्हणालात, तेव्हाच. मला गाडीत काच खाली करून बसायचं नाहीये यापुढे. मला ती डावीकडची खुर्ची हवीय. शनिवारची, रविवारची… सगळ्या वारांची.”

“ती—ती आईची आहे.”

“मला टिपके दिसत नाहीत!” मागच्या रांगेतून आईचा खणखणीत आवाज आला.

ती हसली, मग तोही हसला, आणि हसता हसता तिने त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरली. पानाचा कोपरा धरतात तशी, हलकीच. “तुझी खुर्ची,” ती म्हणाली. “पण खूण तीच राहील. मी पाहिलं, की…”

“की उलटायचं?”

“नाही. आता नुसतं बघायचं.”

तोवर भाची पियानोवर ठाण मांडून बसली होती. “बाई, मी वाजवते. तुम्ही कधी खालून ऐकलंय का?”

नव्हतं ऐकलं. इतक्या मुलांना तिने खाली झोपवलं होतं, पण वाजवणारी तीच असल्यामुळे तिची पाळी कधी आलीच नव्हती.

“पाटी लावलीय,” ती म्हणाली.

“मनाने की शरीराने ते लिहिलेलं नाही,” तो म्हणाला आणि कोट सांभाळत आत शिरला. ती मागोमाग शिरली. पियानोखालून आता बुटांचे दोन जोड बाहेर आले होते, आणि त्यातला काळा जोड या वेळी मुळीच एका जागी राहत नव्हता. तो हळूहळू शेजारच्या जोडाकडे सरकत होता.

भाचीने सुरुवात केली. वर ती जेमतेम अर्धे सूर बरोबर वाजवत होती. खाली मात्र आभाळ भरून आलं होतं, आणि ते फरशीतून पाठीत, पाठीतून बोटांत, बोटांतून शेजारच्या बोटांत जात होतं. मग भाचीला पुढचं येईना आणि ती थांबली. सगळं शांत झालं.

त्या शांततेत कोणीतरी खोकलं.

“मामा! तू ना—”

“मी नाही,” पियानोखालून आवाज आला.

आणि खरंच, तो नव्हता. ती होती.